विषाचा हिशेब कोण ठेवणार?

आपल्या बोलीने एक मोठी फसगत करून ठेविली आहे. पऱ्हाटीवर जे फवारतात त्याला वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही गावात विष म्हणत नाहीत, औषध म्हणतात. मजूर औषध मारावयास जातो, त्याची बायको औषधासाठी विहिरीवरून पाणी वाहते, आणि संध्याकाळी औषधाचा वास येणारे कपडे घरच्या इतर कपड्यांबरोबर एकाच घमेल्यात पडतात. औषध म्हटले की माणूस भरवसा ठेवतो. त्या भरवशाची किंमत काय पडते, हे २०१७ साली वर्धा नदीच्या पलीकडच्या जिल्ह्याने पाहिले.

त्या वर्षीच्या जुलै महिन्यापासून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फवारणी करून आलेले मजूर व शेतकरी दाखल होऊ लागले. कुणाला ओकाऱ्या, कुणाला अंधारी, कुणाला श्वास लागलेला, तर कुणी भ्रमिष्टासारखा हातपाय झाडणारा. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. ऑक्टोबरात वर्तमानपत्रांतून मृतांचे आकडे झळकले, तेव्हा राज्यभर गवगवा झाला व सरकारने विशेष तपास पथक नेमले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० च्या वर माणसे दगावली आणि ८०० च्या आसपास माणसांना रुग्णालयात जावे लागले. सगळा विदर्भ धरला तर मृतांची संख्या ४० च्या पुढे जाते. मृतांच्या कुटुंबांस सरकारने प्रत्येकी २ लाख रुपये दिले, काही कीटकनाशकांची विक्री तात्पुरती बंद केली, आणि पुढच्या हंगामापूर्वी मास्क व हातमोजे वाटण्याची मोहीम निघाली.

हे कसे घडले याची कारणे आता सर्वांस ठाऊक आहेत. बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली, २००६ साली तिचा दुसरा अवतार आला. परंतु गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला जुमानीनाशी झाली होती. अळी वाढली तशी फवारणी वाढली. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट व कोंदट, पंप बॅटरीवर चालणारे व धुक्यासारखे बारीक तुषार उडविणारे. खालून वर फवारलेले सारे फवारणाऱ्याच्याच तोंडावर व छातीवर उतरत होते. त्यात एका पंपात दोन-दोन, तीन-तीन द्रव्ये कालवण्याची रीत. अंगात बनियन, पायांत काही नाही.

ह्यांपैकी एकही कारण दैवाचे नव्हते. पण आम्हांस येथे दुसराच प्रश्न वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. पहिला रोगी जुलैत आला, मग ऑक्टोबरपर्यंत राज्याला हिशेब का लागला नाही? उत्तर सोपे आहे. हिशेब ठेवण्याची कुणावर जबाबदारीच नव्हती. रुग्णालयाच्या कागदावर विषबाधा एवढाच शब्द होता, कृषी खात्याकडे विक्रीचे आकडे होते, पोलिसांकडे मृत्यूची नोंद होती, आणि ह्या तिन्ही वह्या एकमेकींस ओळखत नव्हत्या. डॉक्टरपुढची अडचण तर याहून वाईट. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही द्रव्ये सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील आहेत. ती शरीरातील कोलिनेस्टरेज नावाच्या घटकाला निकामी करतात. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू फडफडतात. ह्यावर अॅट्रोपिनचा उतारा आहे व तो वेळेवर दिल्यास माणूस वाचतो. परंतु फिप्रोनिल किंवा डायफेन्थियुरॉन यांना असा नेमका उतारा नाही. तेथे लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. रोग्याला आपण काय फवारले हे सांगता येत नसेल, पंपात काय कालवले हे फक्त मालकाला ठाऊक असेल, आणि मालक गावात असेल, तर डॉक्टरने अंधारात किती चाचपडावे? म्हणजे नोंद ही केवळ सरकारी दप्तराची बाब नव्हे. तिच्या अभावी माणूस खाटेवर मरतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५८ साली केरळात व शेजारच्या मुलुखात विषारी पिठाने १०० हून अधिक माणसे मेली. जहाजातून येताना अन्नधान्याच्या पोत्यांशेजारी फॉलिडॉल म्हणजे पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक ठेविले होते, ते गळून पोत्यांत मुरले. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने चौकशी केली, आणि दहा वर्षांनी १९६८ चा कीटकनाशक अधिनियम जन्मास आला. त्याचे नियम १९७१ चे आहेत. ह्या कायद्याची रचना वकिलाच्या नजरेने पाहिली तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. विषाचा माग दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत ठेवण्याची तजवीज त्यात आहे. द्रव्याची केंद्राकडे नोंदणी, बनविणाऱ्याला परवाना, विकणाऱ्याला परवाना, बाटलीवर तुकडीचा क्रमांक व मुदतीची तारीख, प्रत्येक विक्रीला बिल. उंबरठा ओलांडला की विष बेवारस होते. ते कोणत्या वावरात गेले, किती गेले, कशात कालवले, कुणाच्या पाठीवरून गेले, शेजारी शाळा होती की विहीर होती, हे लिहिणारा कुणी नाही.

इतकेच नव्हे. याच कायद्याचे कलम ३८ म्हणते की आपल्या स्वतःच्या वहिवाटीतील जमिनीसाठी कुणी कीटकनाशक वापरले तर त्याला हा कायदा लागू नाही. लहान शेतकऱ्याला खटल्यांच्या कचाट्यातून वाचवावे हा हेतू असेल, आणि तो वाईट नाही. परंतु त्या सवलतीच्या सावलीत कोण उभा राहतो? जमीन मालकाची, सूट मालकाला, आणि पंप मजुराच्या पाठीवर. नियम ३७ सांगतो की फवारणीचे काम करणाऱ्यांची कामापूर्वी व नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि सेंद्रिय फॉस्फरसाशी संबंध येणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज दरमहा मोजावे. नियम ३९ संरक्षक कपड्यांचा आहे, ४० श्वसनाच्या साधनांचा, ४२ शिक्षणाचा. नियम सुरेख आहेत. आमच्या वकिलीच्या इतक्या वर्षांत अशा तपासणीचा एकही दाखला आमच्या टेबलावर आलेला नाही.

सर्वांत महत्त्वाचे कलम मात्र २६ आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. राज्य सरकारने अधिसूचना काढून कोणत्याही व्यक्तीवर किंवा व्यक्तिवर्गावर असे बंधन घालावे की कीटकनाशकाच्या वापरातून झालेल्या विषबाधेची जी जी घटना कळेल ती ती नेमून दिलेल्या अधिकाऱ्यास कळवावी, असा अधिकार ह्या कलमाने दिला आहे. अधिकार दिला आहे. सक्ती केलेली नाही. आता याच्याशी कारखान्याची तुलना करा. १९४८ च्या कारखाने कायद्यात एक परिशिष्ट होते. शिसे, पारा, फॉस्फरस इत्यादींची बाधा झालेला कामगार डॉक्टरपुढे आला की डॉक्टरने निरीक्षकाला कळविलेच पाहिजे, असे त्यात बंधन होते. फॉस्फरस तोच. एक मजूर तो चार भिंतींच्या आत हुंगतो, दुसरा आभाळाखाली हुंगतो. पहिल्याच्या रोगाची वर्दी द्यावी लागते, दुसऱ्याच्या रोगाची वर्दी सरकारच्या मर्जीवर. डॉ. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सभासद होते, आणि कारखान्यातील कामगाराचे तास व सोयी यांना त्या काळात कायद्याचे रूप येत गेले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. शेतमजूर मात्र याही बाबतीत वेशीबाहेरच राहिला.

विषबाधेनंतरची कथा आणखी कडू आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्यात शेतकरी अपघाताची जी मदत योजना आहे, तिच्यात कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा अंतर्भूत आहे. मृत्यू आल्यास २ लाख रुपये मिळतात. परंतु लाभ कुणाला? ज्याचे नाव सातबाऱ्यावर खातेदार म्हणून आहे त्याला, व त्याच्या कुटुंबातील एकाला. ज्याच्या आजाला व बापाला सातबारा म्हणजे काय हे दुसऱ्याच्या वावरात राबून कळले, त्याच्या विधवेने कोणता उतारा जोडावा? अशा कुटुंबाने हात जोडून परत फिरू नये, म्हणून येथे स्पष्ट सांगतो. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात शेतीतील कीटकनाशकांची फवारणी व धुरळणी करणारा कामगार नमूद होता. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. मजुराने ज्याच्या सांगण्यावरून फवारले त्याच्यावर दावा सांगण्याची वाट तेथे आहे. पण दावा म्हटला की पुरावा आला. तो त्या दिवशी त्या वावरात होता काय? काय फवारीत होता? किती वेळ? रुग्णालयाच्या कागदावर द्रव्याचे नाव आहे काय? येथेच शंभरातले नव्वद दावे कोर्टाची पायरी चढण्यापूर्वीच कोलमडतात, असे आम्ही अनुभवाने म्हणतो. यवतमाळच्या बाधितांनी पुढे स्वित्झर्लंडमधील एका कंपनीविरुद्ध त्या देशात जाऊन दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. तेथे बाधितांच्या बाजूने जो आधार पुढे ठेवण्यात आला, त्यात यवतमाळच्या पोलिसांनी केलेल्या नोंदी होत्या. एखाद्या शिपायाने कागदावर औषधाचे नाव लिहून ठेविले, म्हणून ते सातासमुद्रापलीकडे वाचले गेले.

हा झाला पंप पाठीवर घेणाऱ्याचा भाग. मुलांनी तर पंप घेतलेलाच नसतो. लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा ओढते, अधिक पाणी पिते, जमिनीवर रांगते आणि हाती लागेल ते तोंडात घालते. बाप घरी आला की ते प्रथम त्याच्याच मांडीवर चढते, आणि बापाने अजून कपडे बदललेले नसतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात सॅलिनास नावाचे खोरे आहे. तेथील शेतांत मेक्सिकोतून आलेली गरीब कुटुंबे राबतात. बर्कले येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील गरोदर स्त्रियांची व पुढे त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे तपासणी केली. ज्या मातांच्या शरीरात गरोदरपणी सेंद्रिय फॉस्फरसाचे अंश अधिक आढळले, त्यांच्या मुलांचे सातव्या वर्षीचे बुद्धिमापन कमी भरले, असे २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केले. आमच्या समाजाने पोटाला चिमटा घेऊन मुलांस शाळेत धाडिले. त्या मुलाची बुद्धी जन्मापूर्वीच कुरतडली जात असेल, तर ती बाब मातापित्यांच्या कानी घालणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. बिहारमधील धर्मासती गंडामन गावची घटनाही विसरण्याजोगी नाही. १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मेली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. रिकामा डबा फोडून वस्तीपासून दूर पुरावा, असा नियम ४४ मध्ये दंडक आहे. आपल्याकडे तो धुऊन कडबाकुट्टीजवळ ठेवतात, आणि कधी त्यात रॉकेल, कधी पाणी, कधी गोडेतेल भरतात. ज्या घरात असा एकही डबा असेल त्या घराने हा अंक खाली ठेवून आधी तो डबा बाहेर काढावा.

वरील सॅलिनासचे संशोधन ज्या प्रांतात झाले तेथे १९९० पासून एक वहिवाट आहे, आणि तीच आमच्या लिखाणाचा खरा विषय. शेतीत केलेल्या प्रत्येक फवारणीची माहिती तेथे दरमहा परगण्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे द्यावी लागते: कोणते द्रव्य, किती, कोणत्या पिकावर, कोणत्या जागी, कोणत्या तारखेस. म्हणून कुणी आजारी पडला तर डॉक्टरला व संशोधकाला उलट माग काढता येतो. काही जहाल द्रव्यांच्या फवारणीची सूचना आजूबाजूच्या लोकांस आधीच कळावी, अशीही सोय तेथे २०२५ पासून झाली आहे. तो मुलूख श्रीमंत आहे, आपण गरीब, हे खरे. पण नोंद ठेवण्यास श्रीमंती लागत नाही. दुधाच्या डेअरीत प्रत्येक लिटराचे फॅट लिहिले जाते. हिंगणघाटच्या बाजारात प्रत्येक गाडीचे वजन लिहिले जाते. कर्जाचा पैन्‌पै बोजा सातबाऱ्यावर चढतो. गावाला लिहिता येते. जे लिहिण्यात सावकाराचा व व्यापाऱ्याचा फायदा आहे ते आजवर लिहिले गेले, एवढाच त्याचा अर्थ.

ह्यावर शेतकरी बंधू म्हणतील की नोंद ठेवली तर मजूर उद्या त्याच नोंदीवर खटला भरील. भरील कदाचित. पण त्याच नोंदीने निर्दोष शेतकऱ्याचाही बचाव होईल, आणि बनावट किंवा मुदत संपलेला माल माथी मारणारा दुकानदार त्याच नोंदीने सापडेल. यवतमाळच्या मृतांत मजूर होते तसे स्वतःच्या पाच एकरांत फवारणारे शेतकरीही होते, हे ध्यानात असावे. शिवाय आमच्यापैकीही काही कुटुंबांनी आता दोन-चार एकर केले आहेत, आणि त्यांच्या वावरात शेजारचीच बाई पाणी वाहते. आपण मालक झालो की मालकासारखे वागावयाचे, असे घडता कामा नये. तिला हातमोजे देणे व बाटली दाखविणे हे आपल्यावरही बंधन आहे.

वर्धा जिल्हा याबाबतीत पहिले पाऊल टाकण्यास सर्वथा योग्य आहे. सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, सावंगी मेघे येथे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन वैद्यकीय महाविद्यालये असलेले जिल्हे विदर्भात बोटांवर मोजण्याइतके. फवारणीचा हंगाम ऐन भरात असताना ह्या दोन ठिकाणी व तालुक्याच्या रुग्णालयांत येणाऱ्या प्रत्येक बाधिताची एकाच नमुन्यात नोंद झाली आणि दर आठवड्यास ती जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली, तर जुलैचा रोगी ऑक्टोबरपर्यंत अदृश्य राहणार नाही. कलम २६ ची अधिसूचना काढणे राज्याच्या हाती आहे, आणि ती मागणे आमदारांच्या. आर्वी, देवळी, हिंगणघाट व वर्धा येथील प्रतिनिधींनी विधानसभेत याविषयी प्रश्न विचारावा, अशी आम्ही जाहीर मागणी करितो.

तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. घरात शाळेत जाणारे एक तरी मूल आहे. त्याच्या जुन्या वहीची उरलेली पाने घ्यावीत, आणि बाप किंवा भाऊ फवारणीहून आला की तारीख, वावर कुणाचे, औषधाचे नाव, बाटलीवरच्या चौकटीचा रंग, किती पंप मारले, किती तास, एवढे मुलाने लिहावे. लाल रंग अतिजहाल, पिवळा जहाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. तो रंग अक्षर न येणाऱ्या आईलाही कळतो. लिहिण्यापूर्वी बापाने साबणाने अंग धुतलेले असावे व कपडे वेगळे ठेविलेले असावेत, हे वेगळे सांगावयास नको. मालकाने बाटली दाखविली नाही तर तेही वहीत लिहावे. कुणाला मळमळ, घाम, धूसर दिसणे सुरू झाले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता कपडे उतरवून अंग धुवावे आणि बाटली व वही बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. केसपेपरावर द्रव्याचे नाव लिहून घेतल्यावाचून तेथून हलू नये.

आणि ग्रामसभेपुढे पुढील ठराव मांडावा. शब्द असेच ठेविले तरी चालतील: "ही ग्रामसभा ठरविते की, फवारणीच्या हंगामात गावच्या शिवारातील प्रत्येक फवारणीची तारीख, शेताचा गट क्रमांक, कीटकनाशकाचे नाव व प्रमाण, आणि फवारणाऱ्या व्यक्तीचे नाव यांची नोंदवही ग्रामपंचायत कार्यालयात ठेवण्यात यावी, शाळा, अंगणवाडी व पिण्याच्या पाण्याची विहीर यांच्या लगतच्या शेतात फवारणी करण्यापूर्वी एक दिवस अगोदर तेथे सूचना लावण्यात यावी, ही नोंदवही कोणत्याही ग्रामस्थास व डॉक्टरास विनामूल्य पाहता यावी, आणि कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कलम २६ अन्वये अधिसूचना काढण्याची विनंती राज्य सरकारकडे पाठविण्यात यावी." ठराव मांडणाऱ्याने आपले नाव इतिवृत्तात लिहिले गेले की नाही ते सभा उठण्यापूर्वी पाहून घ्यावे, आणि इतिवृत्ताची नक्कल मागावी. ग्रामसेवकाने ती न दिल्यास माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करावा. त्यास तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.